जुनं म्हटलं की

ऋजुतानं ब्रिस्टलहून खोका पाठवला.
आत मुठीपेक्षा थोडा मोठा गोळा, राखाडी कापडात शिवलेला,
उशीचं पिल्लू जसं.
नाव जुनो. हाक मारली की निळं कडं पेटतं.
मग ती अंडी उकडायची वेळ लावते,
डार्लिंग्टनला पाऊस आहे म्हणून सांगते,
जे खिडकीनं फुकट सांगितलं असतं.

विद्याधर म्हणाला, बरंय की, हात पिठात असले तर.
मी म्हटलं, ऐकते ना ती सगळं?
म्हणाला, हाक मारली तरच.
हाक मारलेली कळायला
आधीपासून ऐकत बसावं लागत नाही का?
तो पेपरात शिरला.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं,
आमच्या घरात तिला झोपच नाही.
आधी जुनं लोणचं संपव, म्हटलं की कडं पेटायचं.
गुडघ्याचं जुनं दुखणं, पेटायचं.
वन्संनी फोनवर काहीतरी जुनं उकरलं,
लगेच पेटलं, आणि ती इंग्रजीत म्हणाली,
माफ करा, मला नीट ऐकू आलं नाही.
तीस वर्षांचा संसार,
चार वाक्यांतलं एक तरी जुन्याचं असणार.

मी कुजबुजायला लागले. स्वतःच्या स्वयंपाकघरात,
मुक्कामाला आलेल्या पाहुणीसारखी.
सुनेबिनेचं काही असलं तर नळ सोडून.
पैशांचं असलं तर मागच्या दारी,
कचऱ्याच्या डब्यांपाशी, अंगावर कोट चढवून.
मॉरीन सामायिक भिंतीपलीकडे राहते,
आमच्याकडे कुणी शिंकलं की तिकडून ‘ब्लेस यू’ येतं.
तिच्यापासून कधी असं लपवलं नव्हतं.
पण मॉरीन लिहून ठेवत नाही.

रविवारी ऋजुतानं फोनवरून शिकवलं,
ॲप उघड, इतिहास दाब, नको ते पुसून टाक.
उघडलं. आमच्या घराची तारीखवार यादी,
तिच्या परक्या कानांनी लिहिलेली.
‘जून लॉन चेअर.’
लोणचं होतं ते!
एकटीच हसले, पदर तोंडाशी धरून.
कुकरची शिट्टी तिला ‘प्लीज’ ऐकू आली होती.

खाली, चौदा तारीख, पहाटे दोन पन्नास.
त्रिकोण दाबला. विद्याधर.
दाताच्या डॉक्टरपुढे बोलतो तसा, जपून.
जुनो, एकोणीस वर्षांच्या नोकरीतून कमी केलं
तर किती आठवड्यांचा पगार देतात?
तिनं आकडा सांगितला.
तो तिला थँक यू म्हणाला.
वरच्या ओळीत, सोळा तारीख:
वाचनालय किती वाजता उघडतं?

आज एकोणतीस.
म्हणजे दहा डबे भरून दिले मी.
दहाही रोज विसळून परत आले,
आणि मी मनात म्हणत होते, सुधारला बाई एकदाचा.

कंपनी ऐकेल म्हणून नळ सोडणारी मी,
आणि चोरून ऐकलं ते मीच.
कायमचं पुसायचं का, फोन विचारत राहिला.
त्याचं वाक्य पुसता येत होतं,
माझं ऐकणं नाही.
तरी पुसलं. लॉन चेअर तेवढी ठेवली.

रात्री प्लग काढला, चहा टाकला.
म्हटलं, विद्याधर, जुनं काही नाही काढत,
नवंच विचारायचंय.
सवयीनं त्याची नजर फळीकडे गेली.
कडं पेटलं नाही.
तो बराच वेळ बशीवरचा टवका नखानं घासत राहिला,
मग काहीतरी बोलला,
इतकं हळू, की मला गॅस बंद करून
जवळ जावं लागलं.
म्हटलं, परत सांग.
मला नीट ऐकू आलं नाही.